अमेरिकन गाडीतली पुढची सीट

जवळ ये जरा. पुण्यात बसून जेवढं जवळ येता येतं तेवढं ये आणि कान इकडे कर. मला तुला रागवायचं आहे आणि ते साऱ्या गल्लीला ऐकू जायला नको. दिवाळीनंतर आलीस, ऑटोतून उतरलीस आणि मला वाकून नमस्कार करायच्या आधी दारातल्या आमच्या गाडीच्या गळ्यात पडलीस. बॉनेटला टेकून एक फोटो, मागच्या दिव्यांपाशी एक, बाजूच्या आरशात ओठ काढून एक. मी चहा टाकला, तो निवून त्याच्यावर साय आली. "मावशीआजी, उशीर होतोय" म्हणालीस आणि गेलीस. मग तुझ्या आईनं तो फोटो मला मोबाईलवर पाठवला. खाली तू जगासाठी लिहिलं होतंस, 'काय थाट होता त्या काळी!'

थाट! बाई गं. ज्याला थाट दिसतो त्यानं तो कधी पुसलेला नसतो.

भाचीची लेक तू, म्हणजे माझी नातच. म्हणून सांगते, नाहीतर लोक फोटो काढतात आणि मी खिडकीतून बघून गप्प बसते. रोज कोणी ना कोणी येतंच. कोचिंग क्लासची पोरंपोरी येतात, लग्न ठरलेली जोडपी येतात, एकदा तर एक जण आपलं तान्हं बाळ बॉनेटवर निजवून फोटो काढत होता. भर उन्हात! मी ओरडले, "अहो, त्याच्यावर वड्या वाळतात, लेकराचं काय होईल!" त्याला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे.

गाडी अमेरिकन आहे. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण ते मी चुकीचं उच्चारते असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. घरात तिला 'मोठी' म्हणतात. मी 'म्हैस' म्हणते, पण हे आंघोळीला गेलेले असतील तेव्हाच. रंग कच्च्या पिस्त्याचा, टप पांढरा, पुढे चांदीचा मुलामा दिल्यासारखा बंपर आणि मागे दोन्ही बाजूंना माशासारखे उभे पंख. अमरावतीला समुद्र नाही, पण माशाचे पंख आहेत. गल्लीत तीन ऑटो लागतील एवढी जागा ती एकटी अडवते. गॅसवाला सिलिंडर घेऊन तिला प्रदक्षिणा घालून येतो. गल्लीतल्या कुत्र्यांच्या पिढ्यानपिढ्यांची बाळंतपणं तिच्या पोटाखाली झाली आहेत. गाडीनं काही काम नियमित केलं असेल तर ते एवढंच.

ती घरात आली माझ्या सासऱ्यांच्या वेळी. आबा मोठे वकील. कापसाच्या एका जिनिंगवाल्याची अडलेली केस त्यांनी जिंकून दिली आणि त्या भल्या माणसानं खूश होऊन आपली गाडी त्यांच्या दारात आणून उभी केली. तो केस जिंकला म्हणून खूश होता की गाडी गेली म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. जाताना तो मागे वळूनसुद्धा बघत नव्हता म्हणे.

आता तिच्या पुढच्या सीटबद्दल सांगते. सारी गोष्ट तिथंच आहे. आजच्या गाड्यांत पुढे दोन खुर्च्या असतात. हिच्यात पुढे अख्खा सोफा आहे, ह्या दारापासून त्या दारापर्यंत. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच असल्यामुळे मधे काही अडथळा नाही. तिघं जण मांडी घालून बसावेत अशी ती जागा. आबांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. लेक पुढे, सून मागे. लेक परक्या घरी गेलेली, माहेरी येते ती मानाची, म्हणून तिला पुढे बसवायचं. सून घरचीच आहे, तिला कुठंही चालतं. आणि 'कुठंही' म्हणजे मागे, फराळाचे डबे, पाण्याच्या कॅन आणि सुटलेला स्पेअर टायर धरून.

माझे वडील बाळापूरला भिक्षुकी करायचे. सायकलवरून पूजेला जायचे आणि मला पुढच्या दांडीवर बसवायचे. समोरून वारा यायचा, किल्ल्याचा बुरूज मला त्यांच्याआधी दिसायचा. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण पुढे बसून जग कसं बघायचं हे मला येत होतं. त्या दांडीवरून उठून मी अमेरिकन गाडीत आले, ती मागच्या सीटवर. लोक म्हणाले पोरीनं नशीब काढलं.

आबा गेले. गाडी ह्यांच्याकडे आली. हेही वकीलच, आता निवृत्त. मला वाटलं, आता तरी. एका लग्नाला निघताना मी पुढचं दार उघडलं. हे म्हणाले, "मागं बस ना, मागं ऐसपैस हाय." रागानं नाही हो, मायेनं म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. मायेशी कसं भांडायचं? मी मागे बसले आणि तिथंच म्हातारी झाले. पुढची सीट, पांढरं कव्हर घालून, रिकामी.

ह्यांचं त्या गाडीवरचं प्रेम कसं आहे ते ऐक. सकाळी उठल्यावर देवाच्या आधी गाडीला फडकं. पिवळं फडकं वेगळं, ते धुवायचा साबण वेगळा. आमच्या लग्नाच्या शालूला घरात कपाट नाही, पण गाडीचे दोन जुने हॉर्न कापसात गुंडाळून ठेवलेले आहेत. रस्त्यात कोणी कौतुकानं थांबला की ह्यांची कळी खुलते. मग तो माणूस हमखास विचारतो, "आजोबा, ॲव्हरेज किती देते?" झालं. ॲव्हरेज विचारणारा ह्यांच्या लेखी नास्तिक. हे तोंड फिरवतात आणि म्हणतात, "हत्तीले कोनी इचारते का, किती गवतात किती कोस चालते?" मी मागून म्हणते, "चालत असता तर इचारलं असतं."

एका उन्हाळ्यात मी तिच्या बॉनेटवर जुनं धोतर अंथरलं आणि मुंगवड्या घातल्या. काय सांगू, असं ऊन गच्चीवरसुद्धा लागत नाही. खालून लोखंड तापलेलं, वरून वैशाख, दुपारपर्यंत वड्या खडखडीत. एवढ्या वर्षांत गाडी पहिल्यांदा संसाराच्या उपयोगी पडली. हे कोर्टातून आले, बघितलं आणि माझ्याशी बोलायचे बंद झाले. वड्यांची भाजी मात्र मागून घेऊन खाल्ली.

आता मुख्य गोष्ट. ह्यांना एकच बहीण, धाकटी, अकोल्याला दिलेली. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, माहेरी यायच्या. त्या माहेरवाशिणी घरात उभ्या असताना आपल्या घरची माहेरवाशीण नसली तर कसं दिसेल? म्हणून दरवर्षी हे स्वतः मुराळी होऊन अकोल्याला जायचे. मुराळी म्हणजे लेकीला सासरहून आणायला गेलेला माहेरचा माणूस. हल्ली लेकी आपल्या आपण स्कूटीवर येतात, म्हणून तुला सांगावं लागतं. मुराळी गाडी घेऊन जायचा, बहीण पुढे बसायची, मी मागे डबे धरून. अमरावती ते अकोला, अकोला ते अमरावती. आणि इथं आल्यावर नणंदबाई काय करायच्या? पहिला सबंध दिवस डोळ्यांवर पदर घेऊन आडव्या. मी आंबिलीचं पीठ भिजवते आहे, पुरण वाटते आहे, सोळा भाज्या चिरते आहे, आणि राजकन्या झोपलेली. मी भांडी जरा जोरात ठेवायची. दुसऱ्या दिवशी मात्र उठून असा फुलोरा करायच्या की महालक्ष्म्यांच्या डोक्यावरच्या त्या करंज्या बघून मी भांड्यांचा राग विसरायची. दोघी मिळून हसत बसायचो. तिच्याशिवाय मला सण सणासारखा वाटत नाही, हे मी तिला कधी बोलले नाही. वऱ्हाडात असं तोंडावर बोलत नाहीत, तोंडावर फक्त भांडतात.

तर यंदाच्या आधीची दोन वर्षं त्या आल्याच नाहीत. पहिल्या वर्षी गाडी ऐन वेळी चालू होईना. आमच्या मुलानं टॅक्सी ठरवतो म्हटलं तर तिकडून फोन आला, "राहू द्या दादा, माहा गुडघाच दुखून राह्यला." दुसऱ्या वर्षी गाडी बडनेऱ्याच्या पुढे जाऊन उभी राहिली, आणि तिकडून, "बरं झालं, मले तापच हाय." ह्यांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की गाडी आली नाही म्हणून बहीण रुसली. आबांच्या गाडीतून मानानं न्यायची, ती टॅक्सीत कशी बसेल? वकिलाचं डोकं. पुरावा हातात आला की उलटा धरतात.

मग वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नाही. कार्बोरेटर मुंबईहून आला, रेडिएटरला नवी नळी, सीटच्या खालच्या स्प्रिंगा नागपूरला जाऊन बसवून आणल्या. आरटीओत पुन्हा पासिंग झालं. अकोल्यात ह्यांच्यासारखाच एक भक्त आहे, निवृत्त डॉक्टर, त्याच्याकडेही अशीच एक लांबलचक गाडी. ते दोघं तासन्तास फोनवर. माणसाचा ताप सांगावा तसा हे त्यांना इंजिनचा ताप सांगायचे आणि ते डॉक्टर खरंच काहीतरी औषध सांगायचे. दोघांच्या बायका फोन ठेवल्यावर एकमेकींना फोन करून सांत्वन करायच्या.

मुलगा म्हणाला, "बाबा, आतेले आनायचंच हाय ना, कॅब पाठवतो. घरापासून घरापर्यंत येईन, एसी लावून."

हे म्हणाले, "मुराळी ॲपवरून नाही बोलावत."

यंदा महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी ह्यांनी बहिणीला फोन लावला. आवाज मोठा करून, म्हणजे मलाही ऐकू यावं. "बाई! गाडी तयार हाय! यंदा काही झालं तरी तुले घ्यायले येतो!"

  तिकडून हळूच आलं, "बरं दादा."

तो 'बरं' मला बरा वाटला नाही. दोन वर्षं आल्या नाहीत, आणि आता वय असं की जे वर्ष हुकलं ते हुकलं. मी मनात म्हटलं, यंदा ती आली नाही तर पुढे कधी येणार नाही. म्हणून मीही निघाले. मागच्या सीटवर, डबे धरून.

राजकमल चौकातून गाडी निघाली तेव्हा हे असे बसले होते, जशी मागे पालखी आहे. बडनेऱ्याला कोणी तरी ओव्हरटेक करता करता फोटो काढला. मूर्तिजापूरला पाणी घालायला थांबलो तर भोवती ही गर्दी. "काका, कितीची?" "काका, विकता का?" आणि अर्थात, "काका, ॲव्हरेज?" नव्या स्प्रिंगांनी गाडी अशी हेलकावत होती की मला पुढे ह्यांचं डोकं वर जाताना आणि खाली येताना दिसायचं. होडीतल्या नावाड्यासारखं. पेट्रोलचा वास, इंजिनाची धग. मला काही होत नाही, माझं पोट बाळापूरच्या पाण्यावर घडलेलं आहे.

अकोल्याला नणंदेच्या घरी पोचलो. त्यांचा मुलगा आणि सून कामावर गेलेली. हे बाहेरच थांबले, गल्लीतल्या लोकांना बॉनेट उघडून दाखवायला. मी आत गेले. त्या तयार होत्या. नवं लुगडं, पिशवी भरलेली, मुठीत लिंबू. तोंड पांढरंफटक.

मी म्हटलं, "वन्सं, काही खाल्लं का?"

"नाही. कालपासून नाही."

"काहून? उपास हाय?"

त्यांनी दार जरा लोटलं आणि माझा हात धरला. "वहिनी, तुमाले सांगते, पन दादाले सांगू नका. त्या गाडीचं नुसतं नाव काढलं का माह्या पोटात कालवते. जेवून बसली का बोरगावपर्यंतच टिकते मी. म्हनून आदल्या दिवशीपासून खातच नाही."

"कधीपासून हे?"

"लग्नानंतर पयल्यांदा आबा न्यायले आले ना, तवापासून."

मी तिथंच मोढ्यावर बसले. "आन् तुमी बोलल्या नाही?"

"काय बोलू व वहिनी? बाप मुराळी होऊन आला, एवढी गाडी घेऊन आला, सारी गल्ली पाहून राहिली, पुढचं दार उघडून उभा हाय. अन् मी म्हनू, मले मळमळते? त्या पुढच्या सीटवर तर पायाले इंजिनाची भट्टी लागते. मी मागं पाहत जाओ, का वहिनी कशी खिडकीपाशी मजेत बसली हाय. मले वाटे, नशीबवान हाय."

ऐकलंस? मी मागे बसून तिच्या मानाचा हेवा करत होते, आणि ती पुढे बसून माझ्या खिडकीचा. मधे एक माणूस स्टेअरिंग धरून खुशीत शीळ घालत होता. आणि तो पहिला सबंध दिवस डोळ्यांवर पदर, तो राजकन्येचा आराम नव्हता, तो प्रवास उतरत होता. भांडी मी उगाच आपटली. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची होती, पोचे अजून आहेत.

"मग गुडघा? ताप?"

"गुडघा दुखतेच, कोनाचा नाही दुखत? पन टॅक्सीनं आली असती तर दादाले वाटलं असतं, गाडी नाही तं चालते. त्याचं मन मोडलं असतं. म्हनलं, त्यापेक्षा घरीच राहावं." मग म्हणाल्या, "औंदा मात्र वर्षभर त्यानं गाडी सुधारली माह्यासाठी. मी लिंबू घेऊन बसली."

आता तूच सांग. एक जण बहिणीसाठी गाडी सुधारतोय, बहीण त्याच्यासाठी माहेर सोडतेय, आणि दोघंही समजतात आपण फार प्रेमाचे. प्रेमाचेच आहेत, नाही कोण म्हणतं. पण प्रेमाला एक तोंड दिलं असतं देवानं तर माझी दोन भाद्रपदं वाया गेली नसती.

"सांगू नका" म्हणाल्या होत्या. मी बाहेर गेले आणि सांगितलं. एवढं मोठं मन माझं नाही.

"आयका," मी म्हटलं, "वन्संले तुमच्या गाडीत ओकारी होते. आज नाही, पयल्या दिवसापासून. त्या गाडीसाठी रुसल्या नाही, गाडीमुळे येत नाही."

हे बॉनेटमधे वाकलेले होते. डोकं वर काढलं. गल्लीतले दोन-तीन जण उभे होते, ते हळूच पांगले. वऱ्हाडी माणसाला भांडण आवडतं, पण रडणं आलं की तो पांगतो. ह्यांनी बॉनेट सावकाश खाली टेकवलं, पिवळं फडकं खांद्यावर टाकलं, आणि गाडीत जाऊन बसले. एकटेच. काचा वर.

आम्ही दोघी खिडकीतून बघतो. वन्संच्या डोळ्याला पाणी. "पाहा वहिनी, म्हनून म्हनत होती नका सांगू. आता तो एकटाच परत जाईन." मलाही क्षणभर तसंच वाटलं. किल्ली लावली की झालं, महालक्ष्म्यांना मी एकटीनंच करंज्या टांगायच्या.

बराच वेळ गेला. मग दार उघडलं. आत आले आणि चपला काढायच्या आधीच विचारलं, "आबांच्या वेळी बी?"

"हो दादा," वन्सं म्हणाल्या, "आबा तं गचके बी मारत जात."

मला हसू आवरेना. मग त्यांनाही. हे काही हसले नाहीत, पण ओठ दाबून धरले ते मी बघितलं. मग म्हणाले, "मंग तेल्हाऱ्याले तुमच्या वावरात पेरनी पाहाले जाते, ते कशी जाते तू?"

"एसटीनं. एसटीत मले काहीच होत नाही. वारा लागते ना."

"ठीक हाय. मंग एसटीनं चल."

"आन् गाडी?" मी विचारलं.

कारण बघ, मुराळ्यानं लेकीला बसमधे बसवून देऊन आपण दुसऱ्या वाटेनं यायचं नसतं. आणायला आला आहे तर बरोबर घेऊनच जायचं. आणि ती गाडी दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही. ह्यांनी कोणाला येऊच दिली नाही. म्हणजे मुराळी व्हायचं तर गाडी अकोल्याला सोडावी लागणार, परक्या गल्लीत, परक्या कुत्र्यांच्या भरवशावर. हे दारात जाऊन एकदा तिच्याकडे बघून आले. पोरीला सासरी पाठवताना बाप बघतो तसं. मग चारी दारं दोन-दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "चला, नाहीतर बस जाईन."

स्टँडवर अमरावतीची बस लागलेलीच होती. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पंचाहत्तरी झाली असंन तं आधार दाखवा, तिकीट नाही लागत." ह्यांना तो अपमान वाटला. एवढ्या मोठ्या गाडीचा मालक आणि फुकट! आम्हा दोघींना अर्धं तिकीट, आम्ही हसत दिलं. वन्सं खिडकीपाशी, मधे मी, कडेला मुराळी, मांडीवर पिशवी घेऊन. ह्यांना इतक्या वर्षांनंतर दुसऱ्यानं चालवलेलं सहन होत नव्हतं. प्रत्येक ब्रेकला ह्यांचा पाय खाली दाबला जायचा.

मूर्तिजापूरला बस थांबली. वन्संनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि आलूबोंडे घेतले. कालपासून उपाशी बाई, एक खाल्ला, दुसरा खाल्ला, मिरची चावली, सूं सूं करत पाणी प्यायली आणि तिसऱ्याकडे वळली. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते माझ्यावरून वाकून बहिणीकडे बघत होते. आपल्या बहिणीला प्रवासात खाताना त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असणार.  आपल्या हातातला आलूबोंडा तिच्या कागदावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर काहीच नव्हतं. कापसाची पऱ्हाटी, तुरी, पुन्हा पऱ्हाटी.

यंदाच्या भाद्रपदात वन्सं घरात शिरल्या त्या थेट स्वयंपाकघरात. पदर खोचला आणि विचारलं, "पुरनाची डाळ कुठं हाय?" पहिल्या दिवशी! मी डाळीचा डबा दिला आणि उगाच तुळशीला पाणी घालायला बाहेर गेले. सण असा झाला की काय सांगू. फुलोऱ्याला आम्ही दोघी बसलो, महालक्ष्म्या आमच्याकडे बघत होत्या, आणि हे बाहेरच्या खोलीत बसून दर थोड्या वेळानं अकोल्याला भाच्याला फोन लावत होते. "उन्हात तं नाही ना? पाऊस आला का? कोनी टेकलं तं नाही ना?" भाचा पहिल्या दिवशी 'हो मामा, नाही मामा' म्हणाला. नंतर त्याची बायको फोन उचलून 'ते आंघोळीले गेले' सांगायला लागली.

वन्संना पोचवायला आम्ही तिघं पुन्हा बसनं गेलो. गाडी जागेवरच होती, कुठं जाणार? वर गुलमोहोराचा पाला, काचेवर धुळीत बोटानं कोणाकोणाची बदाम काढून अक्षरं, वायपरमधे 'विकायची आहे का?' अशी चिठ्ठी. आणि बॉनेटवर भाचेसुनेनं उशांचे अभ्रे वाळत घातलेले. मी वन्संच्या मागे सरकले. ह्यांनी ते एकेक उचलले, घडी केली आणि भाचेसुनेच्या हातात दिली. "वाळले," म्हणाले.

अगं, माझ्या वड्यांना जे मिळालं नाही ते तिच्या अभ्र्यांना मिळालं. पण जाऊ दे.

पाला झाडून झाला. मी सवयीनं मागचं दार उघडलं. हे पुढचं दार धरून उभे. पिवळ्या फडक्यानं सीट पुसली, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढं बस. मागं सामान हाय."

मागे एक रिकामा डबा होता.

मी बसले. आता तुला खरं सांगते, आणि हे तू त्या फोटोखाली लिही. आयुष्यभर ज्या जागेवर मी डोळा ठेवला तिथून रस्ता दिसत नाही. नुसतं बॉनेट. हिरवंगार, लांबच लांब, एखादं वावर असावं तसं बॉनेट, आणि त्याच्या पार पलीकडे थोडं आभाळ. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं अंदाजानं गाडी चालवत होता! पायाला भट्टी, नाकाला पेट्रोल, पाठीला हेलकावे. थाट असा असतो. मी हसत सुटले. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मजा येऊन राहिली." आणि येतही होती, त्याला मी काय करू? मूर्तिजापूरला पाणी घालायला थांबलो. एका पोट्ट्यानं खिडकीत वाकून विचारलं, "आजी, ॲव्हरेज?" मी म्हटलं, "बाप्पा, चाळीस वर्षात पयल्यांदा पुढं बसली, ते पाह्य आधी."

तर पुढच्या भाद्रपदात मुराळी एसटीनं जाणार आहे, ठरलं. गाडी आता फक्त गावात फिरते, संध्याकाळी, भाजी आणायला. चार मेथीच्या जुड्या आणायला तीन ऑटोंएवढी गाडी! माणसाला काय समजावायचं? मी सांगायचं सोडलं, कारण भाजी आणायला मी पुढे बसून जाते.

तू लवकर ये. महालक्ष्म्यांची वाट बघू नको, त्याआधीच ये. चहा पिऊन जा म्हणत नाही, राहायलाच ये. पुण्याहून एसटीनं किंवा रेल्वेनं, कशानंही ये, फक्त अमरावतीला उतरल्यावर फोन कर, हे तुला न्यायला गाडी घेऊन येतील. स्टँडपासून घर एवढंसं आहे, तेवढ्यात कोणालाच मळमळत नाही, तरी लिंबू मी घेऊन येईन. पुढे तिघांची जागा आहे. तू मधे बस. खिडकी माझी आहे.